पास्टरांनी न घेतलेला घास

ती घटना अजूनही मनातून गेलेली नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि त्यांतले बरेच आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. हा मात्र साधा रस्ता अपघात होता, आणि त्यातलं खरं उघडकीला आलं एका माणसानं न खाल्लेल्या घासामुळे.

तेव्हा औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर होत होतं. कचेऱ्यांच्या पाट्यांवर नवं नाव, शिक्क्यांवर जुनं आणि लोकांच्या तोंडी दोन्ही, असा काळ. माझं ठाणं शहराबाहेर, कन्नडच्या बाजूला. एका शनिवारी दिवेलागणीला फोन आला की देवगाव रंगारीकडून शहराकडे येणाऱ्या गाडीनं सायकलवाल्याला उडवलंय, जमाव जमलाय आणि ड्रायव्हरला मारतोय. आम्ही पोचलो. आधी ड्रायव्हरला जमावाच्या हातून काढलं, मग जखमीला दवाखान्यात हलवलं. तो जवळच्याच गावचा शिंपी होता, दुकान बंद करून घरी निघाला होता. दवाखान्यात पोचण्याआधीच तो गेला.

गाडी भाड्याची होती. शहरातल्या एका ख्रिस्ती मंडळीचं, म्हणजे चर्चचं, अधिवेशन देवगाव रंगारीला भरलं होतं, तिथून परतत होते. गाडीत ड्रायव्हर धरून चौघं. मंडळीचे पास्टर, त्यांची पत्नी आणि मंडळीचे सेक्रेटरी. पास्टर दारातून वाकून यावं लागेल इतके उंच, शांत, पन्नाशीचे. सेक्रेटरी म्हणजे जमिनीच्या व्यवहारातलं बडं प्रस्थ. अधिवेशनाच्या फलकावर प्रभू येशूचं चित्र एक होतं, सेक्रेटरींचे फोटो तीन. ड्रायव्हर उस्मानपुऱ्यातला, बुटका, तरतरीत मुसलमान तरुण.

फिर्याद, पंचनामा, जबाब असं नेहमीचं चक्र सुरू झालं. ड्रायव्हर सुजलेल्या ओठांनी एकच सांगत होता.

"साब, मैं गाडी चलाइच नै रा था. मैं तो पिच्छे सोया था. पादरीसाब चला रे थे."

ठाणे अंमलदार जुना माणूस. तो मला म्हणाला, "सायेब, हा म्हणतो मी झोपलो होतो. आपण तरी दुसरं काय म्हणतोय?"

ठाण्यात हशा पिकला. झोपलो होतो हा बचाव सांगणारा ड्रायव्हर मी तरी पहिल्यांदाच पाहत होतो.

सेक्रेटरींचा जबाब खणखणीत होता. गाडी ड्रायव्हरच चालवत होता आणि वेगात चालवत होता. पास्टरांनी त्याला दुजोरा दिला आणि सही केली. पास्टरांच्या पत्नीच्या कपाळाला टाके पडले होते, त्यांचा जबाब नंतर घ्यायचा ठरला. जमावातले लोक अपघातानंतर आलेले. त्यांनी ड्रायव्हरला धरला, कारण जखमी शिंप्याला मांडीवर घेऊन बसला होता तो हाच.

"साहेब," जाताना सेक्रेटरी म्हणाले, "आमच्या धर्मात खोटं बोलणं पाप आहे, हे तुम्हांला माहीत असेलच."

हे वाक्य मी सगळ्या धर्मांच्या माणसांकडून ऐकलेलं आहे. असं सांगणाऱ्याचा जबाब मी दोनदा वाचतो.

दुसऱ्यांदा वाचताना पंचनामाही पुढे होता. ड्रायव्हर बुटका, त्यामुळे पाठीमागे एक जाड गादी लावल्याशिवाय त्याचा पाय क्लचवर नीट पोचत नसे. अपघातानंतर ती गादी सापडली मागच्या सीटवर, उशीसारखी दुमडलेली. मी सेक्रेटरींना फोनवर विचारलं. ते म्हणाले, "धक्का बसला की गादी उडणारच, साहेब." मला आणखी विचारायचं होतं, तोवर माझ्या वरिष्ठांना एका पुढाऱ्याचा फोन आला की धर्मगुरूंना त्रास नको. त्यात पास्टरांच्या पत्नीचा जबाबही राहून गेला. गादी उडेलही, पण उडालेली गादी स्वतःची घडी घालत नाही. अर्थात एवढ्यावर कुणाचंही दोषारोपपत्र फिरत नसतं. एका बाजूला दोन प्रतिष्ठित साक्षीदार, दुसऱ्या बाजूला मार खाल्लेला आरोपी आणि एक गादी.

ड्रायव्हरला जामीन मिळाला. पण परवाना गेला, गाडीमालकानं कामावरून काढलं, आणि शिक्षा झाली तर तुरुंग समोर होता. त्याची आई सारखी ठाण्यात यायची. आरडाओरडा नाही, रडणं नाही. मला सलाम करायची आणि म्हणायची, "मेरा बच्चा गरीब है साब, झूठा नै." मी तिला तपास चालू आहे असं सांगायचो. पोलीस खात्यात या वाक्याचे दोनच अर्थ असतात, तपास थांबलाय किंवा थांबवलाय, आणि दोन्ही तिला माहीत होते.

खबर आली ती माझ्याच ठाण्यातून. आमच्याकडं एक महिला हवालदार होती, शहरातल्या मिशन कंपाउंडमध्ये वाढलेली, ख्रिस्ती आणि त्याच मंडळीतली. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहिली.

"साहेब, एक सांगायचं होतं. पण माझं नाव जबाबात नको."

"मग सांगू नका. मी जबाबच घेतो."

"तसं काही पाहिलं नाय मी. पाहिलं ते एवढंच. काल आमच्याकडं प्रभुभोजन होतं."

मला काही कळलं नाही हे तिच्या लक्षात आलं. तिनं समजावून सांगितलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेत भाकरीचा एकेक तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट सगळ्यांना देतात. पण ज्याच्या मनात वैर आहे किंवा जो खोटं वागलाय, त्यानं ते मिटवल्याशिवाय उठू नये, बाकावर बसून राहावं. कुणी कुणाला अडवत नाही. ज्याचं त्यानं ठरवायचं.

"बसून राहणारे असतात?"

"मग! भावकीच्या भांडणापायी वर्षानुवर्षं बसून राहिलेले आहेत. माझी एक मावशी नणदेशी बोलत नाय म्हणून चार ईस्टर बसूनच आहे. दोघी एकाच बाकावर बसतात, पण बोलत नायत."

"बरं. मग काल कोण बसून राहिलं?"

तिनं मागं जाऊन दार लोटलं. तिचं लग्न याच पास्टरांनी लावलं होतं, हे मला नंतर कळलं.

"सेक्रेटरी पहिल्या रांगेतून उठले. सगळेच उठले. आमच्यात पास्टर सगळ्यांना देतात आणि शेवटी स्वतः घेतात. काल त्यांनी सगळ्यांना दिलं, आपला तुकडा हातात घेतला, परत ताटलीत ठेवला आणि वरून पांढरा रुमाल झाकला. कुणाच्या ध्यानात आलं नाय, डोळे मिटलेले असतात ना सगळ्यांचे."

"तुमचे उघडे होते?"

"पोलिसात आहे ना, साहेब."

पुरावा म्हणून याची किंमत शून्य होती. न खाल्लेल्या भाकरीचा पंचनामा कोणत्या कलमाखाली करायचा? पण पंचवीस वर्षं मी लोकांना शपथा घेताना पाहिलं होतं. आईची, लेकराची, ग्रंथावर हात ठेवून. शपथेपायी नुसत्या आयाच इतक्या मेल्या आहेत की मोजदाद नाही. खोटं बोलणारा माणूस आणखी चार खोटी सोंगं करतो, हा माझा अनुभव. या माणसाला तर फक्त एक तुकडा तोंडात टाकायचा होता, तोही सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना. सराईत असता तर त्यानं दोन टाकले असते.

दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्या घरी गेलो, छावणीकडच्या जुन्या बंगल्यात. गणवेश घातला नव्हता. मी येणार ही वर्दी सेक्रेटरींना कशी पोचली ते प्रभू जाणे, पण ते आधीच खुर्चीत विराजमान होते. पास्टरांच्या पत्नीनं चहा आणला. कपाळावरचे टाके निघाले होते, वण ताजा होता.

मी अपघाताचं नावही काढलं नाही. एवढंच विचारलं, "पास्टरसाहेब, परवा तुम्ही प्रभुभोजन का घेतलं नाही?"

सेक्रेटरी उसळले. "हा काय प्रश्न झाला? हा आमचा धार्मिक विषय आहे. मी वर बोलीन!"

"वर म्हणजे कुठं?" मी विचारलं. "तुमच्याकडं वरचे दोन आहेत."

पास्टर हसले नाहीत. बशीतला चहा निवत होता तिकडे बघत राहिले. मग पत्नीकडे पाहिलं. ती उभीच होती.

"सांगा आता," ती म्हणाली. "रोज विचारते, रोज उद्या म्हणता. ताटावरून उपाशी उठता. मला पोलिसांनी विचारलं तर मी खोटं सांगणार नाही, हे पहिल्या दिवशीच सांगितलंय तुम्हांला."

"गाडी मी चालवत होतो, साहेब," पास्टर म्हणाले.

"पास्टरसाहेब, तुम्ही थकलाय," सेक्रेटरी म्हणाले.

"थकलोय खरा. म्हणूनच सांगतो."

हकिगत लहान होती. ड्रायव्हर पहाटेपासून लोकांना अधिवेशनाला पोचवत होता. परतताना त्याचे डोळे मिटू लागले. पास्टरांना दया आली. तू मागं पड जरा, मी घेतो, असं म्हणून ते स्टिअरिंगवर बसले. समोरून ट्रकचे दिवे डोळ्यांवर आले आणि सायकल दिसली तेव्हा उशीर झाला होता. धक्क्यानं जागा झालेला ड्रायव्हर आधी खाली उतरला आणि शिंप्याकडे धावला. कुणीतरी ओरडलं, "ड्रायव्हर हाच!"

"मी दार उघडून उतरलो होतो," पास्टर म्हणाले. "त्याला मारत होते. मी हात वर करून 'तो नाही, मी' म्हणायला हवं होतं. तोंड उघडलं नाही. मग तुमच्या माणसानं विचारलं, गाडी कोण चालवत होतं? यांनी माझ्या आधी उत्तर दिलं. मी नुसतं हो म्हणालो."

"मंडळीची अब्रू होती," सेक्रेटरी पुटपुटले.

"मंडळी माझ्यावर उभी नाही, भाऊ. तुमच्यावरही नाही."

मला राहवलं नाही. मी विचारलं, "पण मग तो तुकडा तरी घ्यायचा होता. कुणाला कळलं असतं?"

"तुमच्यापुढं खोटं बोललो ते भीतीनं. त्या मेजापाशी मला कुणी मारायला आलं नव्हतं. तिथं खोटं वागलो असतो, तर ते ठरवून झालं असतं."

मी चहा संपवला.

मग मी त्यांना कायदा सांगितला. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालय मानत नाही. कायदा आम्हांला चांगलाच ओळखून आहे. सांगायचं तर दंडाधिकाऱ्यांपुढे सांगावं लागेल, वकिलाचा सल्ला घ्या, मन बदललं तरी चालेल. सल्ला त्यांनी घेतला. वकील म्हणाला, गप्प बसा, ड्रायव्हरविरुद्ध साक्ष भक्कम आहे. पास्टरांनी त्याची फी दिली आणि दंडाधिकाऱ्यांपुढे उभे राहिले.

दंडाधिकाऱ्यांनी विचार करायला वेळ दिला, बजावून सांगितलं, शेवटी रीतीप्रमाणे विचारलं, "तुम्हांला कुणी भीती दाखवली का?"

"नाही. भीतीनं मी खोटं बोललो होतो. हे तिच्याशिवाय सांगतोय."

त्यांच्या पत्नीचा जबाब, ती गादी, जप्त गाडीत आम्ही पुन्हा जाऊन मोजलेली, पास्टरांच्या उंचीला जुळणारी मागे सरकवलेली सीट, सगळं एका ओळीत आलं. ड्रायव्हर सुटला. सेक्रेटरींनी वकिलामार्फत कळवलं की त्यांना त्या संध्याकाळचं काही नीटसं आठवत नाही. ते कलम निराळं, त्यांचा हिशेब निराळा.

पुढच्या रविवारी पास्टरांनी मंडळीला सगळं सांगितलं. हवालदारबाई सांगत होत्या की ते व्यासपीठावर चढलेच नाहीत, बाकांच्या रांगेत उभं राहून बोलले. काहींनी तोंडं फिरवली, काही रडले, आणि त्या मावशी उठून नणदेला म्हणाल्या, "सरक जरा." पास्टरांनी राजीनामा दिला. सेक्रेटरींनी लगेच निरोप समारंभ, शाल आणि श्रीफळ असा प्रस्ताव मांडला. तो मंडळीनं न ऐकल्यासारखा केला. मंडळ्यांबद्दलचं माझं मत त्या दिवशी थोडं सुधारलं.

उस्मानपुऱ्यात पास्टर ड्रायव्हरच्या घरी गेले तेव्हा मी बरोबर होतो, न जाणो पुन्हा मारामारी व्हायची. पास्टरांनी माफी मागितली.

"माफ तो कर देता हूँ," ड्रायव्हर भिंतीकडे बघत म्हणाला. "लेकिन आप मेरे पे तरस खाए, इसी में मैं मारा गया ना! आगे से किसी ड्रायवर पे तरस मत खाओ."

"चुप रे," आई आतून म्हणाली. "पहले पानी दे उनको. आदमी इत्ती दूर से सच बोलने आया."

खटल्यात पास्टरांनी गुन्हा कबूल केला आणि शिक्षा भोगली. निकालाच्या दिवशी न्यायालयाच्या व्हरांड्यात शिंप्याची विधवा दिराबरोबर आली होती. ड्रायव्हरची आईही आली होती, का ते तिलाच ठाऊक. पास्टर त्या विधवेपुढे हात जोडून उभे राहिले. शब्द जमवत असावेत. तिनंच तोंड उघडलं.

"लई दिस त्या पोराला शिव्याशाप दिले म्या. त्याच्या आईच्या नावानं बोटं मोडली. समदं फुकट गेलं." ती थांबली. "आता तुमच्यावर राग धरीन."

"धरा, ताई."

"व्हय. धरीन. पर आता खऱ्या माणसावर धरीन."

एवढं बोलून ती वळली. व्हरांड्यात एकच बाकडं होतं आणि त्यावर ड्रायव्हरची आई बसली होती. विधवा तिच्या शेजारी जाऊन बसली. म्हातारीनं आपली पाण्याची बाटली तिच्याकडे सरकवली.

मी देवळात फारसा जात नाही, चर्चमध्ये तर नाहीच. कधीच खोटं न बोललेला माणूस मला नोकरीत भेटला नाही, आणि आपण तसे आहोत असं सांगणारे भेटले त्यांतल्या काहींना मी बेड्या घातल्या. म्हणून मला आदर वाटतो तो या खोटं बोललेल्या माणसाचा. त्याच्या धर्मानं त्याला खोटं बोलण्यापासून वाचवलं नाही. पण खोटं बोलून झाल्यावर त्याला पोटभर जेवू दिलं नाही. सत्यानं शिंपी परत आला नाही. पण त्या दिवशी एका बाकड्यावर दोन बायका शेजारी बसल्या होत्या. तो माणूस गप्प राहिला असता तर त्यांतली एक दुसरीच्या मुलाला मरेपर्यंत शाप देत राहिली असती, आणि तपास पूर्ण झाला असं आम्ही लिहून मोकळे झालो असतो.