मालूआत्याची तांदळाची पिशवी

परसवाड्याहून फोन आला तेव्हा मी जेवत होतो. मालूआत्या गेली... वयानं, झोपेत, कुणाला जागं न करता. आवाज न करता तिनं केलेलं हे एवढंच काम. एरवी ती परसवाड्यात हसली की पार तिकडे लांब तिरोडीचा स्टेशनमास्तर शिटी समजून गाडी सोडून द्यायचा. खोटं वाटत असेल तर गाडीला विचारा.

एकोणीसशे नव्वदच्या सुमारास नागपुरात तिचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. एक बाजू सपाट. आत्यानं जुन्या लुगड्याची पिशवी शिवली, तीत तांदूळ भरला आणि झंपरात बसवली. "दुकाळ पडला तं एका टायमाचा भात होते," म्हणायची. दर हंगामाला जुना तांदूळ चिमण्यांना, पिशवीत नवा.

आजीही याच रोगानं गेलेली. डॉक्टर म्हणाले, हे रक्तातून उतरू शकतं, भावाच्या मुलीलाही जपा. आत्याचे थोरले भाऊ म्हणजे आमचे बाबा उखडले. "बायकाईचा रोग माह्याकडून माह्या पोरीले कसा येईन? मालू, तोंड बंद ठेव. सुषमाचं जमून राह्यलं."

सुषमा माझी धाकटी बहीण. वारासिवनीचे पाहुणे तिला पाहायला बालाघाटला आले. आत्या पोह्यांचा ट्रे घेऊन आली, मुलाच्या आईशेजारी बसली आणि पाठ फिरवून पिशवी काढून सरळ त्यांच्या हातात ठेवली.

"हे काय वो बाई?"

"माही डावी बाजू. मायले झाला, मले झाला. बापाकडून बी येते म्हन्ते डाक्टर. पोरीले असन, नसन बी. पन ते दरसाल तपासून घेईन. चालते का सांगा."

बाबा पांढरे पडले. डोक्यावरचा पंखासुद्धा थांबला... वीज गेली होती, पण थांबला हे खरं.

मुलाच्या आईनं पिशवी तोलली, कपड्यावरून दाणा चोळला. "तांदूळ कोनता हाय?"

"चिन्नोर. आपला बालाघाटी, वासाचा."

"मंग नाही म्हनाची सोयच नाही. तपासाले मीच नेत जाईन तिले."

आणि दरसाल नेलं. एका वर्षी बारीकशी गाठ सापडली, वेळेत निघाली, सुषमा ठणठणीत झाली. बाबा पेढे घेऊन आत्याकडे गेले. "मालू, तुह्यं तोंड..."

"बंद ठेवू का दादा?"

"राहू दे उघडं."

पिशवी आत्याच्या खोलीत खुंटीला आहे. परवा नवा चिन्नोर आला. सुषमानं जुना तांदूळ अंगणात फेकला, नवा भरला, हातावर तोलून पाहिला आणि पिशवी परत टांगली.

"आता कोणासाठी?" मी विचारलं.

दुसरीतली तिची नात बाहेर चिमण्यांमागं पळत होती. "हिले पाह्याले येतीन ना कधीतरी," सुषमा म्हणाली. "तवा हातात द्याले पाहिजे."