ओठांवरचा फेस

सयाजी दोन म्हशी घेऊन गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर उभा राहायचा. गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळ पेला हातात द्यायचा, हा त्याचा वडिलांपासूनचा धंदा. बायका तान्ही पोरं घेऊन यायच्या. सयाजीनं बोटावर फेस घेऊन ओठाला लावला की पोर अंग धरतं, अशी त्यांची समजूत. सयाजीचीही होती.

त्याची स्वतःची लेक भैरवी मात्र अंग धरेना. मान सावरत नव्हती, हातपाय ओल्या कापडासारखे. डॉक्टरांनी सांगितलं, स्नायूंचा आजार जन्माचाच आहे. गिळायची ताकद नाही, दूध फुप्फुसात जाईल, तोंडानं थेंबही नको. तेव्हापासून नाकातल्या नळीतून दूध. तिची आई वर्षाराणी यंत्रानं तिच्या घशातला कफ ओढी, कूस बदली. सयाजी घरी आल्याशिवाय तिला अंघोळही उरकता येत नसे. पाहुणे मात्र दृष्ट काढा, तेल बदला असं सांगून चहा पिऊन जात. सल्ला द्यायला कुणाच्या बापाचं काय जातं!

एका सकाळी वर्षाराणी अंघोळीला गेली होती. सयाजी धार काढून चरवी घेऊन आत आला. भैरवी चरवीकडेच बघत होती. साऱ्या गावाच्या पोरांना देतो, आणि माझ्या लेकीनं चवही घेऊ नये? त्यानं बोट फेसात बुडवलं. "फेसच हाय की नुसता," असं पुटपुटत त्यानं बोट तिच्या ओठाला लावलं.

भैरवी हसली. तिनं ओठ चाटला. हा येडा इतका हरखला की पुन्हा बोट बुडवलं, पुन्हा लावलं. मग तिला ठसका लागला, पण खोकायला बळ कुठलं? ओठ निळे पडले. वर्षाराणी ओलेत्यानं धावत आली, यंत्र लावलं, दवाखाना गाठला. तिथं सयाजीनं सगळं कबूल केलं. त्याच आठवड्यात भैरवी गेली.

वर्षाराणीनं त्याला एका शब्दानं बोल लावला नाही. बऱ्याच दिवसांनी तिनं एवढंच विचारलं, "खरंच हसली व्हती का वो ती?"

"व्हय. ओठ चाटला की तिनं."

तिनं पदर तोंडाला लावला.

सयाजी पुन्हा कट्ट्यावर जाऊ लागला. एका म्हातारीनं नातू पुढं केला. "लाव की रं फेस. तुझा हात लई गुणाचा."

समोर चरवी फेसानं काठोकाठ भरलेली होती. सयाजीनं बोटं मुठीत मिटून घेतली.

"आज म्हस पान्हावलीच न्हाई, मावशी," तो म्हणाला.

म्हातारीनं चरवीकडं पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडं, आणि नातवाला पदराखाली घेऊन निघून गेली.