जपानी डोळ्यांची जिवती

जिवतीचा कागद आमच्याकडे पुण्याहून यायचा. श्रावणात देवघराशेजारी चिकटवायचं छापील चित्र ते: अंगाखांद्यावर मुलं घेतलेली जिवती, आणि तिच्या वर-खाली नृसिंह, कृष्ण, हत्ती-वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. मुलाबाळांना सुखी ठेव म्हणून आया दर शुक्रवारी तिची पूजा करतात. काशीत सगळं मिळतं म्हणतात, पण हा कागद निदान आमच्या गल्लीत कुठे मिळत नसे. आत्या पोस्टाने पाठवायची. श्रावण संपला की आई तो बालाजी घाटावर नेऊन गंगेत सोडायची.

नव्वदीच्या मधल्या एका वर्षी तो आलाच नाही. गल्लीत सावन लागला, कावडवाले जाऊ-येऊ लागले, तरी आई निश्चिंत होती. आपला श्रावण इथल्या सावनच्या पंधरा दिवस मागून लागतो. पण दहा दिवस गेले आणि तिने पोस्टमनला जिन्यातच गाठायला सुरुवात केली. एरवी तिने पाटावर सुपारी मांडून भागवलं असतं. त्या वर्षी दादा नोकरीसाठी पहिल्यांदाच घर सोडून गेला होता, तोही थेट आसामला. जिवती भिंतीवर हवी म्हणजे हवीच होती.

शेवटी ती माझ्याकडे वळली. "दिवसभर कागद काळे करतेस ना? मग काढ."

मी अकरावीत होते आणि तीन-चार महिने खरोखरच कागद काळे करत होते. बाबा संस्कृत शिकवायचे. त्यांच्याकडे आठवड्यातून दोनदा एक जपानी मुलगी शिकायला यायची. ती वहीच्या समासात माणसं काढायची: मोठे डोळे, टोकदार हनुवटी, वाऱ्यावर उडाल्यासारखे केस. 'ॲनिमे' हा शब्द मी पहिल्यांदा तिच्या तोंडून ऐकला. मला शिकव म्हणून मी तिच्या मागे लागले. तिचं हिंदी कच्चं, माझं इंग्रजी कच्चं, तेव्हा आमची शिकवणी मोडक्यातोडक्या संस्कृतात चालायची.

मी सुरुवात डोळ्यांपासून करायचे. बुबुळं, पापण्या, बुबुळातली चमक, यात अर्धा तास जायचा. मग त्यांच्याभोवती चेहरा बसवायला जावं तर कपाळ कागदाबाहेर आणि कान मानेवर. ती शांतपणे खोडरबर घ्यायची आणि आधी डोळेच पुसायची.

"प्रथमं वर्तुलम्. नेत्रे पश्चात्."

मी फुगून बसायचे. पण तिचं बरोबर होतं. आधी गोल, मग मधोमध उभी रेघ, मग निम्म्याच्या बरीच खाली आडवी रेघ, आणि त्या रेघेवर डोळे. गोलासाठी मी वाटी आणली तर तीही तिने काढून घेतली. महिनाभर मी नुसते गोल काढले. डोळे इतके खाली का, हे मात्र मी विचारलं नाही. नवशिक्याला कारणं नको असतात, चित्र हवं असतं.

तर मी जिवती काढली. गोल, रेघा, मग डोळे, प्रत्येकात दोन-दोन चमका. मुलं तर झकास आली. या पद्धतीत डोकं मोठंच असतं, त्यामुळे लहान मुलं आपोआप लहान मुलांसारखी दिसतात. मी चित्र आईसमोर धरलं. शेजारच्या काकू बसल्या होत्या, त्यांनी आधी मान पुढे काढली.

"अगोबाई, ही तर एकदम गुड़िया! हिचंच बारसं व्हायचंय अजून, ही काय लेकरं सांभाळणार?"

मला हसू आलं. आई हसली नाही.

"पोराचं मागणं मी हिच्यापुढे मागू?" एवढंच म्हणून तिने कागद परत दिला.

दुसऱ्या दिवशी मी तो जपानी मुलीला दाखवला. ती आधी हसली, मग तिने पेन्सिलीने आडवी रेघ वर सरकवली. डोळे लहान केले, नाक लांबवलं. "माता," ती म्हणाली. एवढ्या एका रेघेवर वय ठरतं, हे मला तेव्हा कळलं. मग तिने स्वयंपाकघराकडे बोट केलं. "पश्य."

आत आई तांदूळ निवडत होती. तोवर मी फक्त कागदावरून कागदावर उतरवलं होतं. मी हात लांब करून पेन्सिल धरली आणि आईचा चेहरा मोजला. डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर निघाले. पापण्या जड होत्या, खाली एक घडी होती.

"काय टकमक बघतेस? तोंडाला काही लागलंय?"

"हलू नकोस ना."

"पुतळा होऊन बसू? मग तांदूळ कोण निवडणार, तुझी जपानी?"

गुरुवार संध्याकाळपर्यंत पाच चित्रं काढली, चार फाडली. पाचव्यातली बाई आईसारखी नव्हती आणि जपानीही नव्हती. थकलेली वाटत होती, पण मुलं तिच्याकडे निर्धास्त सोपवावीत अशी. मुलं मी जपानीच ठेवली.

शुक्रवारी आईने कागदाच्या पाठीला कणकेची खळ लावली आणि तो भिंतीवर दाबून बसवला. आमच्या घरात कौतुक तोंडाने करायची पद्धत नव्हती. तिने आघाडा-दूर्वांची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं, मला ओवाळलं. मग खिडकीशी जाऊन दादाच्या नावाने गंगेच्या दिशेला अक्षता टाकल्या. आसाम गंगेच्याच बाजूला, पूर्वेला आहे, हे तिने बाबांना दोनदा विचारून घेतलं होतं.

ती परत वळली तेव्हा आम्हा दोघींना एकदमच दिसलं. कुंकू ओलं होतं आणि मी चित्र शाळेच्या फाउंटन पेनने काढलं होतं. जिवतीच्या भुवईतली निळी शाई फुटून गालावर उतरत होती.

आई जवळ गेली, वाकून बघितलं, पदराचं टोक लावून पाहिलं. डाग आणखी पसरला.

"तीन शुक्रवार आहेत अजून," ती म्हणाली. "न पसरणारी शाई मिळते का बघ. आणि या खेपेला सोमवारीच बस काढायला."

मी चौकात जाऊन वॉटरप्रूफ काळ्या शाईची बाटली आणली.