आज काउंटरवर मोठ्यानं नंबर सांगितला

बायांनो, आज दुपारचीच गोष्ट आहे. अमरावतीतल्या एका नव्या मार्टात तेल, तूरडाळ अन् साबण घ्यायला गेली होती. पिशवी घरीच राहिली.

काउंटरवरची बाई म्हणे, "प्लास्टिक बंद आहे ताई, कापडी पिशव्या संपल्या. मोबाईल नंबर सांगा."

"नंबर काहून पाहिजे? मी नगदी देऊन राहिली ना."

"नंबराशिवाय बिलच निघत नाही."

मागं पाच-सहा माणसं खोळंबली होती. सांगितला. तिले ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा मोठ्यानं, एकेक आकडा करून सांगितला.

सामान छातीशी धरून ऑटोपर्यंत चालत आली. वाटेत साबण पडला. वाकली असती तर तेलाचं पाकीट सुटलं असतं, म्हणून तसाच सोडून दिला.

घरी डाळ डब्यात ओतत होती, तर मोबाईल वाजला. अनोळखी नंबरवरून मेसेज होता.

"पिशवी नेत जा मॅडम. साबण माझ्यापाशी आहे. आणून देऊ?"

घरी मी एकटीच आहे. कडी लावून हे लिहून राहिली.

तुमी नंबर सांगता तेव्हा मागं कोण उभं आहे, हे कधी पाहता का? मी नाही पाहिलं.

त्यानं पत्ता विचारला नाही.