शेवटच्या कडव्यातलं नाव

पिंपळगाव रेणुकाईला देवीपुढं दर शुक्रवारी बायकांचं भजन बसतं. त्यातली निम्मी गाणी झुंबरबाईची, पण बायकांना वाटायचं, ती तिनं कुठूनतरी ऐकून आणलेली जुनीच आहेत. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, पण कापूस वेचता वेचता तोंडातल्या तोंडात ओळी जुळवायची आणि घरी येईस्तोवर गाणं तयार. शेवटच्या कडव्यात मात्र नेहमी 'दासी म्हणे' एवढंच. तिथं आपलं नाव घालतात हे तिला ठाऊक होतं. पण नाव कोणतं घालायचं, इथंच गाडं अडायचं.

तिचं माहेरचं नाव चंद्रा. पंधराव्या वर्षी लग्न होऊन ती पुंजारामच्या घरी आली, तेव्हा गोठ्यात एक म्हैस होती. तिचंही नाव चंद्रा. सासू म्हणाली, "म्हशीचं नाव बदललं तर पान्हा चोरंल. पोरीचंच बदला." मांडवभर हशा झाला. नवरीही पदराआड हसली आणि त्या दिवसापासून झुंबर झाली. सहा वर्षांनी म्हैस मेली. सासू ऊर बडवून रडली, "माझी चंद्रा गेली वं!" आणि झुंबरबाई रिकामी चरवी घेऊन शेजारीच उभी. आता म्हैस गेली, माझं नाव मला द्या, असं कुणाला म्हणायचं? भाऊ-बहीण नव्हतंच, पुढं आई-बापही गेले. त्या नावानं हाक मारणारं माणूस म्हणून उरलं नाही. नवरा "ऐकलं का" म्हणायचा, गाव "मच्छिंद्रची माय" म्हणायचं.

त्र्याण्णव साली मच्छिंद्रचं लग्न झालं. तो जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला, शनिवारी यायचा. सून नंदा बाहेरून बी.ए.ला बसलेली, विषय मराठी. सासू भाकरी थापायची आणि ती चुलीपुढं पुस्तक घेऊन पाठ करायची.

"चेतनगुणोक्ती. म्हंजे निर्जीव वस्तू माणसावाणी वागते असं म्हणायचं, आत्याबाई."

"मी आडाच्या दोराला रोज शिव्या देते, तसं?"

"बराबर तसंच. अन् ही अतिशयोक्ती."

"ती कळली मला. तुझा सासरा आपल्या तरुणपणाचं सांगतो ती."

ओसरीवरून पुंजाराम खाकरला. दोघी पदरात तोंड घालून हसल्या. झुंबरबाईला नवल वाटायचं ते हे, की आपण इतकी वर्षं जे करत आलो त्या एकेकाला नावं आहेत. अनुप्रास, यमक, दृष्टान्त. कुणीतरी बसून एकेकाचं बारसं केलेलं.

एक दिवस नंदानं वाचलं, "नाममुद्रा. कवी शेवटच्या चरणात आपलं नाव गुंफतो ती."

झुंबरबाईचा हात परातीत थांबला. "कोणतं नाव? सासरचं का माहेरचं?"

नंदानं पान उलटून पाहिलं. "असं काही दिलं न्हाई इथं. ज्याचं त्याला जे आपलं वाटंल ते."

तव्यावरची भाकरी करपली. झुंबरबाईनं तेव्हा पहिल्यांदा म्हशीची गोष्ट सांगितली. हसायची म्हणून सांगायला गेली, पण नंदा हसली नाही.

त्या आठवड्यात नवं गाणं झालं. नंदानं ते वहीत उतरवून घेतलं. शेवटचं कडवं असं होतं:

चंद्रा म्हणे माये, आले मी दाराशी,
नावानं उराशी घेई मला.

आता देवीपुढची रीत अशी, की नाव असलेलं कडवं आलं की बायका टाळ कपाळाला लावतात आणि हात जोडतात. पुढं बसणाऱ्या सगुणाबाईचा त्यात फार कडक कारभार. त्या शुक्रवारी गाणं रंगलं, शेवटचं कडवं आलं, पंधरा जणींच्या तोंडून 'चंद्रा' उमटलं, आणि पंधराही जणींचे हात जुळले. झुंबरबाईचे मांडीवरच राहिले. आई-बाप गेल्यापासून पहिल्यांदाच तिला कुणी त्या नावानं बोलावलं होतं.

"हात जोड की वं!" सगुणाबाईनं दटावलं. "संताचं नाव आलंय. पण ही चंद्रा कोण म्हणायची? पैठणकडची का?"

नंदा सांगायला सरसावली. झुंबरबाईनं तिचा गुडघा दाबला.

"मोठी कुणी न्हाई. साधीच होती. पंधराव्या वर्षी गेली."

"अगं माय! कशानं?"

"लगीन झाल्तं."

"बाळंतपणात गेली असंल," एक जण हळहळली. सगुणाबाईनं डोळे पुसले आणि कडवं पुन्हा धरलं. या वेळी झुंबरबाईनंही हात जोडले. रेणुकामाईला सगळं ठाऊक होतं, तिच्यापुढं लपवायचं काय?

वाटेत नंदा चिडली. "जित्या माणसाला मारून टाकलं तुमी! का न्हाई सांगितलं?"

"सांगून काय झालं असतं? सगुणाबाईनं मला हात जोडले असते का? 'स्वतःला संत समजून राह्यली' म्हणून ते कडवंच टाकून दिलं असतं. आता दर शुक्रवारी पंधरा जणी हाक मारतील."

"पण हाक मारताना तुमच्याकडं कुणी बघत न्हाई."

झुंबरबाई पुढं चालत राहिली. नंदाला चुकल्यासारखं झालं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "मी मारू का? आत्ता इथं कुणी न्हाई."

झुंबरबाई थांबली. वळून उभी राहिली, पदर सारखा केला आणि सुनेच्या तोंडाकडं पाहत राहिली. नंदानं ओठ उघडले. मिटले. पुन्हा उघडले. सासूचं नाव घ्यायचं तिच्या सात पिढ्यांत कुणाला जमलं नव्हतं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"आत्याबाई," तिच्या तोंडून निघालं, आणि तिला रडूच फुटलं.

"राहू दे गं," झुंबरबाईनं तिचा हात धरला. "चल जल्दी. म्हशीची धार काढायचीय."