पाणी पिऊन येतो

आमचं गाव जंगलाच्या गेटाला लागून. चंद्रपूरकडून येणाऱ्या गाड्या आमच्या अंगणावरून धूळ उडवत जातात. पावसाळ्यात गेट बंद, तेव्हा शेजारच्या रिसॉर्टचा मॅनेजर कॅरम खेळत बसतो आणि अर्ध्या भावात खोली घ्या म्हणतो. मे महिन्यात जंगलातलं पाणी आटतं, वाघ उरल्यासुरल्या डबक्यावर येऊन बसतो, आणि त्याच खोलीचा भाव तिप्पट होतो. खोली तीच, गादी तीच, गादीतले ढेकूणही तेच. वाघाला त्यातला रुपया मिळत नाही.

हे गणित मला बायकोनं शिकवलं. मी चौथी नापास, ती तर शाळेतच गेली नाही. रिसॉर्ट भरलं की उरलेले पाहुणे आमच्या पुढच्या खोलीत यायचे. मी लगेच हो म्हणायचो. ती मला आत ओढायची.

"काऊन एवढी घाई? बाहेर गाड्या किती उभ्या हायेत, पाह्य. जा, माठातलं पाणी पिऊन ये."

मी पाणी पिऊन येईपर्यंत पाहुणा आपणच भाव वाढवून बसलेला असायचा. एका उन्हाळ्यात तर इतकं पाणी प्यायलो की पोट तट्ट फुगलं.

गेल्या पावसाळ्यात ती गेली. पुढच्या खोलीत तिची खाट आणि तिनं वेचलेल्या मोहफुलांची शेवटची टोपली राहिली. मी कडी घातली आणि माझी खाट पडवीत टाकली. दुसऱ्याला सोडा, मी स्वतःही त्या खोलीत पाय ठेवला नाही.

यंदाच्या मेमध्ये जोडून सुट्ट्या आल्या. मॅनेजर धावत आला, मागे पुण्याचा एक कॅमेरेवाला. एकच खोली दोघांना कबूल करून बसला होता गडी.

"भाऊ, पुढची खोली द्या. हजार देतो."

"खोली नाई."

"बाई असत्या तर दिली असती."

घसा दाटला. त्याच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून आत जाऊन पाणी प्यायलो. बाहेर आलो तर म्हणतो, "बरं, दीड."

"अबे, नाई म्हणलो ना! तिची खोली हाये ते."

पुन्हा घसा, पुन्हा माठ. परत आलो तर त्यानं हात जोडलेले.

"दोन! पण भाऊ, आता पाणी नका पिऊ!"

मला हसू फुटलं. ती गेल्यापासून पहिल्यांदा. रडून मी राह्यलो, आणि भाव तिच्या रीतीनं चढून राह्यला.

"खोली नाई भेटत. पडवीतली माझी खाट घे. वारा फुकट."

"वा काका, ओपन एअर!" कॅमेरेवाला खूश. मच्छर त्याला संध्याकाळी कळले. मच्छरदाणीचे मी वेगळे घेतले.

खाट देऊन बसल्यावर ध्यानात आलं, आता मी निजू कुठं? घरात दुसरी खाट एकच, तिची. कडी काढावी लागली. मोहाचा वास एकदम अंगावर आला. टोपली उशाशी ओढली आणि आडवा झालो. जाग आली तेव्हा दारातून ऊन आत आलं होतं. कॅमेरेवाला वाघ पाहायला कधीच गेला होता.

अंगणात मॅनेजर उभा.

"भाऊ, आज अजून एक पाहुणा हाये. त्याले बी पडवीच पाह्यजे म्हणते. काय घेता, सांगा."

"थांब," मी म्हटलं. "पाणी पिऊन येतो."

या वेळी घसा दाटला नव्हता. तहानही नव्हती.