त्याच उंचीवरचं दुसरं विमान

दादा गेल्याचं कळलं तेव्हा मी आदिलाबादजवळच्या बोथ गावच्या शाळेत नववीला गणित शिकवत होते. हेडमास्तर स्वतः वर्गाच्या दाराशी आले. ते सहसा असे येत नसत, म्हणून मी खडू खाली ठेवला. हैदराबादहून वहिनीचा फोन होता. सकाळचा चहा पिता पिता छातीत कळ आली, आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं... माझा थोरला भाऊ मधुकर, उमेदीची सारी वर्षं समुद्रांवरून विमानं नेणारा, घरच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला. त्याला आता सहा आठवडे होतील.

आमचं घर आदिलाबादचं, वडील तहसील कचेरीत पेशकार, म्हणजे कागदपत्रं सांभाळणारे कारकून. कापसाच्या गाड्या आणि कचेरीचे कागद यांपलीकडे आमच्या घरानं फारसं काही पाहिलेलं नव्हतं. दादा हैदराबादला शिकायला गेला आणि तिथून वैमानिक होऊनच परतला. तो नेमकं काय करतो हे आम्हांला कधी नीट उमगलं नाही. आईला वाटायचं, एवढं मोठं आभाळ, तिथं कोण कोणाच्या वाटेत येणार?

मग एका उन्हाळ्यात तो अचानक घरी आला, आणि आठ दिवस झाले तरी जायचं नाव काढीना. शेवटी जेवताना आईनंच विचारलं, "मधू, तुले काऊन घरी बसवलं रे?" त्यानं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाला, "आई, आभाळ मोठं हाये, पन सगळी विमानं एकाच रेघेवरून जातात. कोन किती उंचीवर, ते खालचा मानूस सांगते. समुद्रावर त्याले आमी दिसत नाही. आमी रेडिओवर सांगतो तेवढंच त्याले कळते."

हळूहळू सगळं बाहेर आलं. सकाळची वेळ, खाली समुद्र, स्वच्छ हवा. समोर एक ठिपका दिसला. ठिपका डावीकडे सरकेना, उजवीकडे सरकेना, नुसता जागच्या जागी मोठा होत गेला. म्हणजे तो त्याच रेघेवर, त्याच उंचीवर, समोरून येत होता. दादानं कोणाला विचारलं नाही, विचारायला वेळच नव्हता. त्यानं विमान खाली दाबलं. दुसऱ्या विमानाची सावली त्यांच्या काचेवरून सर्रकन गेली. प्रवासी वाचले, पण मागे चहा देणारी एक हवाई सुंदरी छतावर आपटली आणि तिचा खांदा मोडला.

चौकशीत त्यालाच विचारलं गेलं, परवानगीशिवाय उंची का सोडली? दुसरं विमान होतं हे कागदावर कुठेच नव्हतं. वरिष्ठांनी आडून सुचवलं की हवा खराब होती असं लिहून दे, प्रकरण मिटेल. त्यानं लिहिलं नाही, म्हणून त्याचं उड्डाण बंद झालं.

मीही त्याला तेच म्हणाले होते, हे आज लिहिताना जड जातं. ओसरीवर बसून मी म्हटलं, "दे ना लिहून, दादा. काय बिघडते?" तो चिडला नाही. म्हणाला, "आज लिहून दिलं तर उद्या तिथंच दुसरी दोन विमानं भेटतीन. तवा बी हवाच खराब होती म्हणतीन काय?" आणि थोड्या वेळानं, "ती पोरगी माझ्या हातानं पडली. तिले तरी खरं कळाले पाह्यजे."

त्यानं त्या दुसऱ्या विमानाच्या कप्तानाला पत्र लिहिलं. नाव माहीत नव्हतं, म्हणून विमान कोणतं, कुठं भेटलं, एवढ्यावर, विमानाच्या शेपटीवर दिसलेल्या खुणेवरून ओळखलेल्या परदेशी कंपनीच्या पत्त्यावर पाठवलं. मग वाट पाहणं... टपालाची वेळ झाली की तो पेपर उघडून बसायचा, पण पान उलटायचा नाही. पावसाळा निम्मा सरला आणि एक जाड पाकीट आलं. त्या कप्तानालाही गप्प राहायला सांगितलं होतं. तरी त्यानं आपल्या नोंदीची प्रत पाठवली होती. समुद्राच्या दोन बाजूंना दोन देशांची दोन नियंत्रण केंद्रं, त्यांच्यामधला टेलिफोन त्या सकाळी बंद, आणि दोघांनी आपापल्या विमानाला तीच उंची दिलेली. दादानं ते कागद मला दोनदा वाचून दाखवले.

ते चौकशीपुढे ठेवल्यावर आरोप मागे घेतला गेला. माफी कोणी मागितली नाही. तो पुन्हा उडू लागला, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं इतर वैमानिकांकडून अशाच थोडक्यात टळलेल्या टकरींच्या हकिकती नावं गुप्त ठेवून गोळा करत राहिला. वरिष्ठांच्या धाकानं काही सहकारी जेवताना त्याच्या टेबलाशी बसेनासे झाले. पुढे त्या मार्गावर प्रत्येक वैमानिकानं आपली जागा आणि उंची रेडिओच्या एकाच ठरलेल्या वाहिनीवर मोठ्यानं सांगायची, म्हणजे आसपासचे सगळे ऐकतील, अशी रीत सुरू झाली. "एकट्याच्या पत्रानं काई होत नाही, लय जणांनी लिहिलं," असं तो म्हणायचा. खांदा मोडलेल्या त्या मुलीला तो दवाखान्यात भेटून आला होता. ती पुन्हा कधी उडाली नाही, आणि त्याबद्दल मात्र तो शेवटपर्यंत कोणाशी बोलला नाही.

निवृत्तीनंतर तो दर हिवाळ्यात आदिलाबादला येऊन राहायचा. दुपारी गच्चीवर बसायचा. आमच्यावरून उत्तरेकडे जाणारी विमानं फार उंचावरून जातात, नुसती पांढरी रेघ दिसते. रेघ दिसली की त्याचं बोलणं अर्ध्यात थांबायचं. लोक जाणारं विमान बघतात, तो मान फिरवून उरलेलं आभाळ बघायचा, समोरून दुसरं येतं आहे का ते. नाही असं दिसलं की मग पुढचं वाक्य...

परवा त्याच गच्चीवर मिरच्या वाळत घालताना वरून घरघर ऐकू आली. मी सूप खाली ठेवलं आणि डोळ्यांवर हात धरून उभी राहिले. रेघ उत्तरेला सरकत होती. मी उरलेलं सगळं आभाळ नीट पाहून घेतलं. दुसरं विमान नव्हतं. मग मी पुन्हा मिरच्या पसरायला बसले.